हॉट चॉकलेटचे कोरडे मिश्रण घरी करताना

तयार हॉट चॉकलेटच्या पाकिटावरची घटकांची यादी बहुतेक देशांत वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. ती यादी वाचण्याची सवय लागल्यावर साखर सर्वांत वर आणि कोको बराच खाली, हे चित्र मला अनेक पाकिटांवर दिसू लागले. थंडीच्या दिवसांत घरातली लहानमोठी सगळी माणसे जे पेय आवडीने पितात, त्यात कोको नावापुरताच असावा हे मला पटेना, म्हणून हे मिश्रण घरीच करायचे मी ठरवले. चार-पाच कोरडे जिन्नस एकत्र करायचे, एवढेच वरवर पाहता त्यात काम आहे. प्रत्यक्षात चव जमायला मला फारसा वेळ लागला नाही. गरम पाण्यात पडल्यावर गुठळी न होता सहज मिसळणारी आणि बरणीत महिनाभर मोकळी राहणारी पावडर मिळवणे, हेच खरे काम ठरले.

सर्वांत अधिक विचार मी कोकोचा केला. बाजारात कोको पावडर दोन प्रकारची मिळते. नैसर्गिक कोको किंचित आंबट, तुरट आणि फिकट तांबूस रंगाचा असतो, तर डच पद्धतीच्या कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केल्यामुळे त्याची आम्लता कमी होते, रंग गडद होतो आणि चव सौम्य लागते. १८२८ साली नेदरलँड्समधील व्हान हाउटेन कुटुंबाने कोकोतली चरबी दाबून काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढे त्याच घराण्यातल्या कुनराड व्हान हाउटेन यांच्या नावाशी ही अल्कलीची प्रक्रिया जोडली गेली. कोणता कोको आपल्या हातात आहे हे ओळखायचे असेल, तर रंगावर विसंबू नये. घटकांच्या यादीत कोकोबरोबर आम्लता नियंत्रक किंवा पोटॅशियम कार्बोनेट लिहिलेले असेल, तर तो डच पद्धतीचा समजावा. नुसत्या डच कोकोचे पेय मला गुळगुळीत पण काहीसे सपाट लागले, नुसत्या नैसर्गिक कोकोचे पेय लहान मुलांना आंबट वाटले. शेवटी दोन भाग डच आणि एक भाग नैसर्गिक हे प्रमाण मी कायम केले आणि अजूनही तेच वापरते.

कोको पाण्यात विरघळत नाही, हे एकदा ध्यानात घेतले की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. त्याचे बारीक कण द्रवात फक्त पसरलेले राहतात. साध्या कोको पावडरीत साधारण दहा ते बारा टक्के चरबी असते आणि ती पाण्याला दूर ठेवते. शिवाय कोकोत पिष्ट असते, ते गरम पाणी लागताच फुगते. त्यामुळे गरम पाण्यात एकदम कोको टाकला, तर गोळ्याचा बाहेरचा थर ओला होऊन चिकट बनतो आणि आतली पावडर तशीच कोरडी राहते. चमच्याने तो गोळा फोडला की आतून कोरडा तपकिरी भुगा बाहेर पडतो, हे अनेकांनी पाहिले असेल. यावर साखर उपयोगी पडते, कारण साखरेचे कण कोकोच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात आणि स्वतः चटकन विरघळून पाण्याला आत शिरायला वाट करून देतात. म्हणून कोको आणि साखर वेगवेगळे न घालता आधी एकजीव करण्यावर माझा भर असतो.

साखर मी घरीच मिक्सरमध्ये दळते. दळताना ती गरम होते, म्हणून ताटात पसरून पूर्ण थंड झाल्याशिवाय ती बाकीच्या जिनसांत मिसळत नाही. विकतची पिठीसाखरही चालते. तिच्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून बहुधा थोडे पिष्ट घातलेले असते, तेव्हा ती वापरल्यास कॉर्नफ्लोअर जरा कमी करावे.

दूध पावडरीत निवड करावी लागते ती टिकाऊपणा आणि चव यांच्यात. साय न काढलेल्या दुधाच्या पावडरीत सुमारे सव्वीस टक्के चरबी असते, त्यामुळे पेय दाट आणि चविष्ट होते. पण हीच चरबी हवेने खवट होते. साय काढलेल्या दुधाची पावडर पुष्कळ अधिक दिवस टिकते. मी ही दुसरी पावडर घेते आणि कमी पडणारा दाटपणा किसलेल्या गडद चॉकलेटने भरून काढते. दोन्हींत दुग्धशर्करा भरपूर असते आणि ती हवेतला ओलावा ओढून घेते. बरणीतले मिश्रण दगडासारखे घट्ट होते, त्याचा दोष बहुतेक वेळा दूध पावडरीकडे जातो, कोकोकडे नाही.

चॉकलेटच्या बाबतीत एक काळजी मी आवर्जून घेते. किसायला सोपे जावे म्हणून ते फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु थंडगार चॉकलेट बाहेर काढले की त्याच्यावर हवेतले बाष्प जमते आणि तो ओलावा थेट मिश्रणात उतरतो. कोको बटर साधारण चौतीस अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे हातात धरून किसतानाही चॉकलेट मऊ पडू शकते. हिवाळ्यात खोलीचेच तापमान पुरेसे कमी असते, त्यामुळे मी चॉकलेट कागदात धरून जाड किसणीवर किसते आणि लगेच थोड्या दळलेल्या साखरेत घोळवते. मग हा कीस आणि साखर मिक्सरमध्ये अगदी थांबून थांबून फिरवते. साखर चरबी टिपून घेते, त्यामुळे लगदा न होता ओलसर वाळूसारखा भुगा तयार होतो. सलग फिरवल्यास पात्याच्या उष्णतेने तो चिकटतो, म्हणून येथे घाई करू नये.

आता प्रमाण देते. साय काढलेल्या दुधाची पावडर ३०० ग्रॅम, साखर १८० ग्रॅम, कोको १२० ग्रॅम, किमान साठ टक्के कोकोचे गडद चॉकलेट ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १२ ग्रॅम आणि बारीक मीठ ३ ग्रॅम. एकूण ६७५ ग्रॅम भरतात आणि पंचेचाळीस ग्रॅमचा एक याप्रमाणे पंधरा कप होतात. हे सारे वजनकाट्यावर मोजावे असे माझे ठाम मत आहे, कारण चाळलेला कोको आणि डब्यात दबलेला कोको यांच्या एका वाटीत वजनाचा बराच फरक पडतो. मीठ वगळू नये. एवढेसे मीठ खारट लागत नाही, मात्र कोकोचा कडवटपणा त्याने निवतो आणि साखर कमी असूनही पेय पुरेसे गोड वाटते.

दोन्ही कोको, दूध पावडर, कॉर्नफ्लोअर आणि मीठ बारीक चाळणीतून एकत्र चाळावे, त्यात उरलेली साखर घालावी आणि पुन्हा एकदा चाळावे. चॉकलेटचा भुगा चाळणीतून नीट जात नाही, म्हणून तो शेवटी घालून हलक्या हाताने मिसळावा. दुसऱ्यांदा चाळताना कोकोच्या गडद रेषा नाहीशा होऊन सगळीकडे एकसारखा दुधट तपकिरी रंग आला, म्हणजे मिश्रण झाले असे समजावे.

कप करतानाही थोडी शिस्त लागते. पंचेचाळीस ग्रॅम मिश्रण लहान पातेल्यात घेऊन त्यात आधी तीन-चार चमचेच कोमट पाणी घालावे आणि चकाकणारी, ओघळणारी पेस्ट होईपर्यंत घोटावे. मग उरलेले गरम पाणी हळूहळू ओतावे, एकूण २०० मिलिलिटर होईल इतके. यानंतर मंद आचेवर ढवळत एक हलकी उकळी येऊ द्यावी, कारण कॉर्नफ्लोअरला पूर्ण दाटपणा उकळीच्या जवळपासच येतो. कपात नुसते गरम पाणी ओतले तर ते कच्चे राहते आणि तळाशी बसते. ज्यांच्याकडे पातेले तापवण्याची सोय नसेल, त्यांनी कॉर्नफ्लोअर मिश्रणातून सरळ काढून टाकावे.

व्हॅनिला अर्क द्रव असल्याने बरणीत घालत नाही, कपात शेवटी दोन थेंब पुरतात. दालचिनीची पूड मला चवीला आवडते, पण ती गरम द्रवात फुगून बुळबुळीत होते, म्हणून अख्खा तुकडा पातेल्यात घालून नंतर काढून घेते.

बरणी काचेची आणि घट्ट झाकणाची असावी, धुतल्यावर पूर्ण वाळलेली असावी, आणि ती शेगडीपासून दूर ठेवावी, कारण वाफ हीच मिश्रणाची मोठी वैरी आहे. चमचा दर वेळी कोरडाच घ्यावा. बरणीवर मी तयार केल्याची तारीख लिहिते आणि दूध पावडरीच्या पाकिटावरची मुदतही त्याखाली नोंदवते, कारण सगळ्या जिनसांत आधी संपते ती बहुतेक तिचीच मुदत. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी दूध पावडर न घालता दुसरी छोटी बरणी भरून ठेवते. तिच्यातले पंचवीस ग्रॅम मिश्रण ओट किंवा सोयाच्या २०० मिलिलिटर दुधात उत्तम लागते, मात्र चॉकलेटच्या घटकांत दूध नाही ना, हे आधी वाचून घ्यावे लागते.