कुसळांचा तास

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. शाळेविषयी लिहायला बसलो, पण शाळा म्हटलं की मला शास्त्राच्या बाईच दिसतात. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. त्यांच्याबद्दल इतर कुणीतरी लिहीलच. नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी आपल्या शाळेत दुसरं कुणी डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

आठवीतला तपासणीचा दिवस आमच्या तुकडीत कुणीच विसरलं नसेल. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. मधल्या सुट्टीत आम्ही नेहमीसारखे मागच्या टेकाडावर पळालो आणि घंटा झाल्यावर धापा टाकत परतलो. मुलांच्या चड्ड्यांना कुसळं, मुलींच्या परकरांना आघाडा, कुणाच्या तरी वेणीत लांडगा नावाच्या झुडपाचं काटेरी बोंड. व्हरांड्यात तपासणीचे साहेब उभे. हेडसरांनी छडी मागवली. तेवढ्यात बाई पुढे आल्या आणि साहेबांना म्हणाल्या, “आज बीजप्रसाराचा पाठ आहे. मुलं साहित्य घेऊन आलीत.”

व्हरांड्यात वर्तमानपत्रं अंथरली गेली. आम्ही एकमेकांच्या अंगावरचं एकेक बी काढून ढीग लावले. आघाडा आम्हाला गौरी-गणपतीच्या पत्रीपुरता माहीत होता. तो कपड्याला का धरतो हे बाईंनी त्याची अणकुचीदार टोकं बोटाला टोचवून दाखवलं. साहेब स्वतः टेकाडाच्या पायवाटेनेच आले होते. त्यांच्या पँटच्या दुमडीतून निघालेली कुसळंही बाईंनी शांतपणे आमच्या ढिगात टाकली. हेडसर खिडकीबाहेर बघत राहिले.

मग एक कुसळ बाईंनी माझ्या तळहातावर ठेवलं. एका टोकाला टोकदार बी, त्यावर मागच्या बाजूला वळलेले तांबूस केस आणि पुढे लांब काळपट शेपटी. अर्ध्या भागापर्यंत पीळ बसलेली, मध्येच वाकलेली. फुलपात्रातल्या पाण्याचा एक थेंब बाईंनी त्या पिळावर सोडला. आधी काहीच झालं नाही. मग पीळ सुटू लागला आणि ते वाळलेलं, मेलेलं कुसळ माझ्या हातावर आपोआप गोल फिरायला लागलं. मी दचकून हात झटकणार होतो, पण बाईंनी मनगट धरून ठेवलं होतं. दवाने पीळ सुटतो, उन्हाने पुन्हा बसतो, आणि या फिरण्यात बी जमिनीत घुसत जातं. केस उलटे, त्यामुळे ते मागे यायचं नाव घेत नाही. “म्हणून ते मेंढीच्या कातड्यातही घुसतं आणि तुमच्या चड्डीतून सुखासुखी निघत नाही,” बाई म्हणाल्या. साहेब खाली वाकून बघत होते. शेऱ्यात त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही.

बाईंचे तास असेच. तेरड्याची फुगलेली बोंडं चिमटीत धरायला लावायच्या. बोंडाच्या पाकळ्या झटक्यात आतल्या बाजूला गुंडाळायच्या आणि बिया समोरच्याच्या तोंडावर. एरंडाच्या बीला टोकाशी जो पांढुरका गड्डा असतो, त्याच्या लोभाने मुंग्या बी वारुळात ओढून नेतात, गड्डा खातात आणि कडक बी बाहेर टाकून देतात, म्हणजे फुकटची पेरणी. आंब्यावरचं बांडगूळ शिकवताना तर त्यांनी कमालच केली. फुलटोच्या हा पक्षी ती फळं खातो, पण बी इतकं चिकट की विष्ठेतून बाहेर पडतानाही सुटत नाही. मग पक्ष्याला बूड फांदीवर घासावं लागतं आणि बी बरोबर तिथेच चिकटतं. हे सांगताना बाईंनी आवाज जराही खाली आणला नाही. आम्ही हसून लोळलो. पण बांडगूळ जमिनीत का उगवत नाही, फांदीवरच कसं पोचतं, हे मात्र जन्मात विसरलो नाही.

जुन्या वर्गांचे कूड कारवीचे होते, हे नव्या मुलांना सांगून पटणार नाही. कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. वाळलेली बोंडं झाडावरच राहतात आणि पुढच्या पावसाळ्याचा ओलावा लागला की तडातडा फुटून बिया उडवतात. तो आवाज ऐकवायला बाईंनी आम्हाला जूनमध्ये, भर पावसात, टेकाडावर नेलं होतं. पालकांची बोलणी त्यांनीच खाल्ली.

पुढे मी इंजिनिअर झालो. पूल आणि मोऱ्या तपासण्यात नोकरी गेली. कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप दिसलं की हाताखालची पोरं वरून छाटून मोकळी व्हायची. मी मूळ काढायला लावायचो, कारण ते बी मैनेच्या नाहीतर वटवाघळाच्या विष्ठेतून आलंय आणि मूळ राहिलं तर पिंपळ पुन्हा फुटून दगडी बांधकाम उकलतो, हे बाईंनी शाळेच्या विहिरीच्या काठावर दाखवलं होतं. खात्याने माझा सत्कार केला तेव्हा भाषणात मी हीच गोष्ट सांगितली. बॅगेचा चर्रकन उघडणारा पट्टा निघाला तोही अशाच एका चिकट बोंडावरून. १९४१ साली जॉर्ज दे मेस्त्राल या स्विस इंजिनिअरने कुत्र्याच्या केसांत अडकलेली बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. माणूस आमच्याच धंद्यातला! मला वाटतं, त्यालाही कुणीतरी बाई भेटल्या असणार.

गेल्या वर्षी शाळेत येऊन गेलो. इमारत देखणी झाली आहे, संगणक कक्ष उत्तम आहे. पण टेकाडाचे प्लॉट पडले आहेत आणि मधल्या सुट्टीत फाटकाला कुलूप असतं. मुलांचे मोजे पांढरेशुभ्र होते. कुणाच्याही अंगाला एक कुसळ नव्हतं, आणि मला ते काही बरं वाटलं नाही.

विहिरीमागच्या कोपऱ्यात अजून थोडं गवत आणि कारवीची चार ठोंबं आहेत. मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव झाल्याचं ऐकतो. व्यवस्थापन समितीला विनंती, की तेवढा कोपरा वगळावा आणि तिथलं गवत डिसेंबर संपेपर्यंत कापू नये. कुंपणाचा खर्च माझ्याकडे.