आत्याची दोन नावं आणि पार्ल्याचं घर

आत्या गेली आणि पार्ल्यातलं तिचं बैठं घर मृत्युपत्राने माझ्याकडे आलं. कौलं सरकलेली, माजघराची भिंत दिवाळीपर्यंत ओली, दाराच्या चौकटीवर बोट दाबलं की आत जायचं इतकी वाळवी. पावसाळ्यात मी तिथे एकटाच झोपायचो. माळ्यावर पाणी ठिबकायचं ते कुणी वर चालतंय असं वाटायचं. तरी त्या घरापेक्षा जास्त धास्ती मी मृत्यूच्या दाखल्याची घेतली.

आमच्या वेळी मुंबईतल्या घराच्या मृत्युपत्राला हायकोर्टाचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब, लागायचंच. कागद जमवताना लक्षात आलं, आजोबांनी घर आत्याच्या लग्नाआधीच तिच्या नावावर केलेलं, म्हणून मालमत्ता पत्रकावर माहेरचं नाव. १९६२ साली लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. मृत्युपत्रावर सही त्या नावाची, दाखलाही त्याच नावाचा. कागदोपत्री घर एका बाईचं आणि गेली दुसरीच!

दाखल्यावर ‘उर्फ’ लावून माहेरचं नावही घालून घ्यायला महापालिकेत गेलो. खिडकीवर सांगितलं, रुग्णालयाने जे कळवलं तेच आम्ही छापलं. रुग्णालय म्हणालं, आधार कार्डावर होतं तेच कळवलं. परत खिडकी. आता प्रतिज्ञापत्र आणा. आणलं. साहेब रजेवर. पुढच्या खेपेला साहेब म्हणाले, नाव बदलल्याचं राजपत्र दाखवा. साठच्या दशकात लग्न झालेल्या कोणत्या बाईने नवऱ्याने ठेवलेलं नाव राजपत्रात छापून घेतलं असेल? हे मी त्यांना विचारलं. उत्तर आलं नाही, अर्ज मात्र परत आला. सहा खेपा, चार महिने, प्रत्येक वेळी अर्धी रजा. आत्याच्या नावाची ही ओढाताण अजून आठवली की संताप येतो.

सुटका माळ्यावर सापडली. लोखंडी ट्रंकेत, साड्यांच्या घडीखाली, पोस्टाचं पासबुक. कडा वाळवीने कुरतडलेल्या, पण पहिलं पान शाबूत. निळ्या शाईत सासरचं नाव आणि पुढे ‘पूर्वाश्रमीच्या’ म्हणून माहेरचं, खाली पोस्टाचा गोल शिक्का. तिथेच बसून रडलो. म्हणून सांगतो, जुन्या घरातलं काहीही रद्दीत देऊ नका.

वकीलबाईंनी पासबुक बघितलं आणि म्हणाल्या, दाखला राहू दे तसाच. प्रोबेटच्या अर्जातच आत्याचा उल्लेख ‘उर्फ’ लावून केला, सोबत पासबुकाची प्रत आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं काकांचं प्रतिज्ञापत्र. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं. तुमचंही नावावरून अडलं असेल तर खिडकीवर चार महिने घालवण्याआधी वकिलाला हा मार्ग विचारा.

पुढचं सुरळीत झालं. बाबांनी आणि काकांनी संमतीची प्रतिज्ञापत्रं दिली, त्यामुळे वाद उरला नाही. कोर्ट फी घराच्या किमतीवर लागते, पण तिला ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा होती. हो, आणि मृत्युपत्रावरच्या दोनपैकी एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. ते सगळ्यात आधी करून घ्या, साक्षीदारांची वयं झालेली असतात. मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे ते अमलात आणणारा माणूस, नेमलाय का तेही बघा. नसेल तर प्रोबेट मिळत नाही, त्याऐवजी कोर्टाकडे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था बघण्याचं अधिकारपत्र, मागावं लागतं.

मालमत्ता पत्रकावर माझं नाव चढलं त्या आठवड्यात कौलं शाकारायला माणसं बोलावली. पासबुक मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच ट्रंकेत परत ठेवलंय.