एक 'का' कमी

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा.

रेनकोट अजून पडवीत निथळतोय. होंडा गावाच्या पुढे आज असा पाऊस लागला की स्कूटर एका काजूखाली लावून अर्धा तास तशीच उभी होते. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रेनकोटच्या आत, पोटाशी. फाईल कोरडी राहिली, मी नाही. कोणाची किंमत किती ते यावरून कळावं.

पण पावसाचं राहू दे. लिहायचंय ते एका 'का'बद्दल.

मणीकडे गेले होते. (मणी हे तिचं नाव नाही आणि होंडाही असाच. बाल न्याय कायद्याचं कलम 74 आता इतकं अंगात भिनलंय की स्वतःच्या वहीतही पोरांची नावं लिहायला हात धजत नाही.) बालसंरक्षणाच्या कामातली महिन्याची भेट. आई काजूच्या फॅक्टरीतून लवकर आली होती, आत भांडी घासत होती. आजी पडवीच्या कोपऱ्यात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांचं, सामान निवडत बसलेली. चवथ, म्हणजे आमची गोव्याची गणेशचतुर्थी, दहा-बारा दिवसांवर आलीय, कवंडाळं आणि कांगलं ही रानफळं बाजारात विकायची तिची घाई. मला बघून तिने नेहमीसारखं "यो गे बाय" म्हटलं आणि बसायला पाट सरकवला.

मणीने माझ्या हातातली फाईल ओढून घेतली. "आज मी टीचर." आमच्याकडे फाईल घेऊन येणारी कुठलीही बाई टीचरच. पहिल्या वर्षी मी दुरुस्त करायचे, आता सोडून दिलंय. मी म्हटलं, बरं, तू टीचर. ती पाय दुमडून बसली, फाईल मांडीवर, कानावरची पेन्सिल काढली. कानावर पेन्सिल मी ठेवते हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

"जेवलात?"

"जेवले." सांखळीला उभ्या उभ्या एक मिरची भजी आणि चहा, बस. पण तिथे बसून कोण सांगणार.

"काय जेवलात?"

"शीत-कडी."

"बरं." पेन्सिलीने बरोबरची खूण.

"शाळेत जाता?"

"ऑफिसात जाते."

"बरं." खूण.

"रात्री कोणाजवळ झोपता?" इथे आजी फिस्सकन हसली, मीही हसले. मणी हसली नाही. टीचर हसत नसतात. मी काहीतरी सांगितलं, तिने बरं म्हणून खूण केली. आणि मग, त्याच सुरात, पान उलटताना:

"घरात कोण मारतं?"

आत भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला. भांडी संपली असतील.

मी काय उत्तर दिलं ते मागाहून लिहिते.

मागच्या महिन्यातच माझ्या लक्षात यायला हवं होतं. जुलैत गेले तेव्हा मी हेल्मेट काढायच्या आत ही पायरीवर उभी राहून एका दमात म्हणाली होती, "जेवले बरं पेज आणि लोणचं बरं शाळेत गेले बरं आजीजवळ झोपते बरं कोणी मारत नाही बरं." माझे पाचही प्रश्न, त्याच क्रमाने, मी विचारायच्या आधीच. आणि मधले 'बरं' माझे. तेसुद्धा तिने पाठ केले होते, कवितेतल्या स्वल्पविरामासारखे. मला इतकं हसू आलं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिची नक्कल करून दाखवली. आठवडाभर सगळे एकमेकांना चहा झाला बरं, बिल पाठवलं बरं करत होते. मीच सुरू केलं होतं.

त्या भेटीच्या नोंदीत मी लिहिलंय : मुलगी मोकळेपणाने बोलते.

ट्रेनिंगला दर वेळी तेच सांगतात. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. एकच प्रश्न दोनदा विचारू नका, कारण मुलांना वाटतं पहिलं उत्तर चुकलं, आणि मग ती उत्तर बदलतात. ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं असा प्रश्न टाळा. 'कोणी मारतं का' विचारलंत तर पोर 'नाही' म्हणून सुटणार. त्याऐवजी म्हणा, घरी काल काय काय झालं ते सांग. हे सगळं माझ्या वहीत लाल पेनाने अधोरेखित आहे. आणि मार्चपासून पाच महिने मी पडवीत बसून, आई सहा फुटांवर भांडी घासत असताना, विचारतेय : कोणी मारतं का? नाही. बरं.

आज आठ वर्षांच्या पोरीने तो प्रश्न माझ्यासाठी नीट करून दिला. 'का' काढून टाकला, आणि बंद प्रश्न उघडा झाला.

की असं काही नाहीच? मी सहा वाजल्यापासून या चार अक्षरांचं व्याकरण करतेय. एक म्हणजे तिने सगळ्याच प्रश्नांतला 'का' गाळला होता. 'जेवलात?' म्हणाली, 'जेवलात का' नाही. खेळात पोरं घाईत असतात. ठीक. 'का' सोडून देऊ. पण 'कोणी'चं 'कोण' कसं झालं? त्यालाही उत्तर आहे. घरी ती आजीशी कोंकणी बोलते, माझ्याशी शाळेतलं मराठी. कोंकणीत 'घरांत कोण ना' म्हणजे घरात कोणी नाही. 'कोण'वर दोन्ही कामं भागतात. तेव्हा तिच्या डोक्यात प्रश्न कोंकणीतला असेल आणि तोंडात मराठी आलं असेल.

पण मग ती 'मारता' म्हणाली असती. म्हणाली 'मारतं'. अगदी माझं 'मारतं', शेवटच्या अनुस्वारासकट.

हे असं मी एखाद्या माणसाला सांगितलं तर तो मला पाणी देईल.

कीव करायची झाली तर स्वतःची करायला सामान भरपूर आहे. करार अकरा महिन्यांचा, पेट्रोलचं बिल तीन महिन्यांनी, गुडघा स्टँड लावताना कटकन वाजतो. मणीची आई दर भेटीला त्या चार हजारांचं विचारते. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतली मुलाच्या खर्चाची मदत, महिना 4000 रुपये, ग्रामीण भागात कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 72,000 च्या आत हवं. फॅक्टरीतली मजुरी धरली की ती रेषेच्या जरा वर जाते. राज्याच्या गृह आधार योजनेचे 1500 येतात तेवढेच. आणि मी दर वेळी सांगते, बघते, वर विचारते. ती मान डोलवते. तीही मला 'बरं'च म्हणते, आता आठवलं. तिच्या नवऱ्याचा ट्रक 2018 च्या मार्चात उभा राहिला तो कायमचा. सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या तेव्हा आमच्या डिचोलीत प्रत्येक गल्लीत एक असा ट्रक गंजत उभा होता. बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही. पुढचं लिहीत नाही, त्या प्रकरणात सगळं आहे.

मार्चमध्ये मणी बालगृहातून घरी परत आली ती माझ्या अहवालावर. बाल कल्याण समितीसमोर मी म्हटलं होतं की संस्था हा शेवटचा उपाय असायला हवा, कायद्याचं तत्त्वच ते आहे, आजी खमकी आहे, वडील आता दारूपासून लांब आहेत. सगळं खरं होतं. मार्चमध्ये खरं होतं. अजूनही खरं असेल. मला भीती नक्की कसली वाटतेय, पोरीला कोणी मारत असेल याची, की माझा अहवाल चुकला असेल याची? असं विचारलं की दोन्हीची म्हणावं लागतं, आणि कुठली आधी वाटली हे मला माहीत आहे.

'कोण मारतं' ऐकल्यावर खरं तर त्याच्याही आधी मला बाबांच्या छत्रीची मूठ आठवली. असो.

जेवताना सासूबाईंवर प्रयोग केला. विचारलं, "आई, कोणी तुम्हाला विचारलं, घरांत कोण मारता, तर तुम्ही काय समजाल?" त्या वरण वाढत होत्या. म्हणाल्या, "हांगा कोण मारतलो? मूस मारपाक लेगीत कोण उठना." इथे कोण मारणार? माशी मारायलासुद्धा या घरात कोणी उठत नाही. नवऱ्याने मोबाईलवरून मान वर केली, कोणाबद्दल चाललंय ते त्याला बरोबर कळलं. मला ठसकाच लागला. हसू इतकं आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, पण कोणी विचारलं नाही, बरंच झालं.

आणि बघा, सासूबाईंच्या एका वाक्यात 'कोण' दोन्ही अर्थांनी आला. म्हणजे माझा कोंकणीचा सिद्धांत टिकतो. पुरावा म्हणून सासूबाईंना समितीसमोर उभं करायला हरकत नाही. त्या समितीच्याच चार गोष्टी काढतील.

गंमत अशी की आपला गोव्याचा बाल कायदा 2003 चा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो आला 2012 ला, त्याच्या नऊ वर्षं आधी आपल्याकडे मुलांसाठी वेगळं न्यायालय करायचं कायद्यात लिहून झालं होतं. नवीन आलेल्या मुलींना हे मी छाती फुगवून सांगते. मुलाला स्वतःचं म्हणणं मांडायचा हक्क आहे, वय आणि समज बघून ते विचारात घ्यायचं, हेही सांगते. बाल न्याय कायद्याच्या तिसऱ्या कलमातच आहे. मुलाचं म्हणणं. मणीने तिचं म्हणणं मांडलं की माझी नक्कल केली, हे कुठल्या कलमात बघायचं?

आठला मोठ्या मॅडमना फोन केला होता. मला वाटलं होतं त्या हसतील. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अर्थ लावत बसू नकोस. तुझं काम अर्थ लावायचं नाही. शब्द जसेच्या तसे लिही, आजच्या आज. उद्या सकाळी मी वर कळवते. गुरुवारी तू आणि समुपदेशक शाळेत जा, वेगळ्या खोलीत बसा. आई नको, आजी नको. आणि ती फाईल नेऊ नकोस बाई."

फाईल नको म्हटल्यावर माझ्या हातांचं काय करायचं, असा एक मूर्ख प्रश्न मनात आला. पाच महिन्यांत मी त्या पोरीसमोर एकदाही रिकाम्या हातांनी बसलेली नाही.

फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "आणि तू काय म्हणालीस तिला?" मी म्हटलं, "काही नाही, आजी मध्ये बोलली." आजी मध्ये बोलली हे खरं आहे. पण नंतर बोलली.

गुरुवारी तिला आवडतात ती बटरस्कॉचची चॉकलेटं नेऊ का? नको. त्यालाही लाच म्हणतील. मणी म्हणणार नाही, पण मणीला कळेल. हिला सगळंच कळतं असं आता मला वाटायला लागलंय, हेही धोक्याचं. आठ वर्षांची पोर आहे ती, तिसरीत आहे, 'टीचर टीचर' खेळत होती. उद्या तीच विसरेल. निघताना मला कवंडाळ दाखवून म्हणाली, हे खायचं नसतं हं, हे फक्त टांगायचं. टीचरने दिलेलं शेवटचं ज्ञान. आई दारापर्यंत आली. रेनकोटचं बटण लावायला तिने मदत केली. तिचे हात कोरडे होते. म्हणजे भांडी खरंच मघाशीच संपली होती. किंवा नव्हती संपली.

झोपायला हवं. पण मॅडम म्हणाल्या ते आधी. भेटीची नोंद, आजच्या आज, शब्द जसेच्या तसे. जसेच्या तसे म्हटल्यावर माझेही आले. तीनदा खोडून शेवटी हे लिहिलंय :

मुलगी : घरात कोण मारतं?
मी : कोणी नाही.
मुलगी : बरं.

आणि पेन्सिलीने बरोबरची खूण केली.