फ्योल्कलिंगनचं आकाश आणि सोलापूरचा माठ

आकाश स्वच्छ आलं! जर्मनीतल्या फ्योल्कलिंगनच्या बंद लोखंड कारखान्याचे कृष्णधवल फिल्मवरचे फोटो मी सोलापुरात घरीच धुतोय, आणि मागच्या वेळी आकाशात पट्टे उमटले होते. ते पट्ट्यापट्ट्यांचे स्कॅन ज्यांनी पाहिलेत त्यांना एवढं पुरे. सहा झोतभट्ट्या ओळीने, मागे सपाट राखाडी ढग, आणि स्प्रॉकेटच्या (फिल्मच्या कडेच्या) भोकांतून फ्रेममध्ये शिरलेला एकही उजळ ओघळ नाही.

ढगाळ उजेड मी मुद्दाम निवडला होता. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार जोडप्याने भट्ट्या अशाच उजेडात टिपल्या. ऊन पडलं की पाइपांच्या सावल्यांत निम्मं यंत्र बुडतं. फ्योल्कलिंगनला तर पाइपच पाइप: हवा तापवणारे कौपर, धूळ पकडणारे सापळे, भट्टीचाच गॅस साफ करून इंजिनांकडे नेणाऱ्या नळ्या. भट्ट्या १९८६ साली विझल्या, १९९४ साली कारखाना युनेस्कोच्या यादीत गेला, त्यामुळे सगळं जागच्या जागी आहे. पण सपाट आकाशाची एक खोड आहे. डेव्हलपिंगमधली प्रत्येक खोट ते चव्हाट्यावर आणतं. गंजलेल्या लोखंडात तेच ओघळ खपून जातात.

मूळ दुखणं पाण्याचं. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी ३८ अंश, पहाटेही ३१. माझ्या एचपी५ फिल्मला डी-७६ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. ३० अंशांना हाच वेळ साडेतीनच्या आसपास येतो. पाच मिनिटांच्या आत काम उरकायला गेलं की डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही, ओघळ तिथूनच. बर्फाने डेव्हलपर २०वर आणला, तर पुढे फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुणं ३१वर, म्हणजे फिल्मवरच्या जिलेटिनला धक्का आणि ग्रेनचे, म्हणजे चित्रातल्या कणांचे, गठ्ठे. सगळंच गार करायचं तर बर्फ किती आणणार? आणि नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात वाहत्या धारेखाली फिल्म धुणार कोण?

सुटका केली माठाने. आपल्या कोरड्या हवेत माठातलं पाणी २५ अंशांवर टिकतं. मग २०चा हट्ट सोडला आणि सगळंच २५वर आणलं: डेव्हलपर, त्याचं काम थांबवणारा व्हिनेगरचा स्टॉप, फिक्सर, धुणं. बाटल्या ओल्या फडक्यांत गुंडाळून रात्रभर खिडकीत. डी-७६ १+१ केला, म्हणजे तेवढंच पाणी मिसळलं, वेळ साडेसात मिनिटं मिळाला. धुवायला इल्फर्ड या फिल्म कंपनीची पद्धत: टँक भरून ५ वेळा उलटवायचा, पाणी बदलून १०, पुन्हा बदलून २०. दीड-दोन लिटरमध्ये भागतं. शेवटची विसळणी बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात; बोअरच्या क्षारांचे पांढरे ठिपकेही नेमके आकाशातच उमटतात.

(फिल्मचा माठ वेगळा आहे, हे घरच्यांच्या आग्रहावरून नमूद करतो.)

नळ बसवलेले, रंगवलेले चकचकीत माठ घेऊ नका, ते पाझरतच नाहीत. कुंभाराकडचा खरबरीत घ्या, आणि दर उन्हाळ्यात नवा. क्षारांनी छिद्रं बुजली की माठ गार करत नाही.

याच रोलवर २७ मीटर उंचीवरच्या चार्जिंग प्लॅटफॉर्मची (जिथून भट्ट्यांत माल ओतत) फ्रेम आहे: लटकत्या रेल्वेच्या, कोक आणि खनिज वाहणाऱ्या बादल्या. रिव्हेट न् रिव्हेट मोजता येतो. भिंग डोळ्याला लावून बसलो आणि चहा निवून गेला.

आकाशाचे उरलेले रोल गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) थंडीपर्यंत फ्रीजमध्ये ठेवणार, असं मागे म्हणालो होतो. ते रद्द. आता मृगाआधीच उरकायचे, कारण हवा ओली झाली की माठ गार पडत नाही. ब्लोअर हॉलचे (भट्ट्यांना हवा पुरवणाऱ्या इंजिनांच्या दालनाचे) रोल थांबतील, तिथे आकाशच नाही. तिथली अडचण निराळी: खिडक्या फटफटीत, गॅस इंजिनांची अजस्र चाकं काळीठिक्कर. लिहिता लिहिता वाटतंय, त्यांना डी-२३ या दुसऱ्या डेव्हलपरचा दोन बाथचा (दोन द्रावणांचा) प्रकार द्यावा. पहिल्या बाथमध्ये फिल्म मेटॉल हे चित्र उमटवणारं रसायन शोषते, दुसऱ्या अल्कलीच्या बाथमध्ये उजळ भागातलं मेटॉल झटकन संपतं आणि सावल्यांत काम चालू राहतं. शिवाय तापमानाबाबत हा प्रकार कमी नाजूक, म्हणजे पावसाळ्यातही जमावा. मेटॉल बाहेरून मागवावं लागेल. मागे एका विक्रेत्याकडून आलेलं तपकिरी निघालं होतं, तेव्हा रंग बघूनच पैसे द्या.

दुसऱ्या बाथला बोरॅक्स घेऊ की धुण्याचा सोडा? ३० अंशांवर कुणी करून पाहिलं असेल तर वेळा सांगा. तोवर चाचणीचा रोल भुईकोटाच्या दरवाजात काढतो: कमानीच्या आत अंधार, बाहेर मेचं ऊन.