कचकड्याच्या बाहुलीचं घर आणि काचवाल्याचं 'उद्या या'

जुन्या बाहुलीसाठी घरच्याघरी शोकेस करायची असेल तर लाकूड-पॉलिशचं टेन्शन घेऊ नका, काचेचं घ्या. माझं बाकी सगळं पटापट झालं आणि एका काचेपायी अर्धा उन्हाळा गेला, अजून डोक्यातून राग जात नाहीये.

बाहुली आईच्या आत्याची. कचकड्याची, म्हणजे जुन्या काळच्या एका प्लास्टिकची, साधारण ९ इंच, पाठीवर जपानचा शिक्का. पुण्याच्या जुन्या बाजारात (बुधवारी आणि रविवारी भरतो तो) लंबकाच्या घड्याळाची सागवानी केस मिळाली, मशीन गायब, दाराची काच फुटलेली. आतला ओटा पाडलेल्या वाड्याच्या जिन्याच्या फळीचा, मागे आजीच्या सुती लुगड्याचा तुकडा, धुऊन कांजी काढलेला. हे सगळं आरामात झालं.

काचही मला जुनीच हवी होती. माळ्यावर एका तसबिरीची पडून होती, किंचित लाटा असलेली, त्या केसला ती इतकी शोभणार होती की नवी घ्यायचा प्रश्नच नव्हता. घराजवळच्या दुकानात दिली. "ठेवून जा ताई, उद्या या." उद्या गेले तर कारागीर आला नाही, मग लाइट नाही, मग कुठल्यातरी ऑफिसच्या पार्टिशनची मोठी ऑर्डर, आणि इतक्या चकरा मारून झाल्यावर म्हणतात कसे, "जुनी काच आहे, तडकेल, त्यापेक्षा ॲक्रिलिक घ्या ना!" अहो, मग हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? ॲक्रिलिकवर चरे पडतात, पुसलं की उलट जास्त धूळ ओढतं, मला नकोच होतं. काच परत द्या म्हटलं तर ती कुठे ठेवलीय तेच कोणाला माहीत नाही. शेवटी मीच आत शिरून आरशांच्या मागून शोधून काढली, कोपऱ्याचा टवका उडालेला. आणि पावती कोणी दिलीच नव्हती, त्यामुळे भांडायचं तरी कशावर? तुम्ही वस्तू ठेवून येणार असाल तर आधी फोटो काढा, कागदावर दोन ओळी लिहून घ्या, समोरच्याला राग आला तरी चालेल.

मग एका फ्रेमवाल्या आजोबांकडे गेले. त्यांनी काच साबणाने धुतली, कोरडी केली, बोट फिरवून चरे कुठे आहेत ते बघितलं, कटर रॉकेलमध्ये बुडवला आणि एका दमात रेघ मारून टक् करून तोडली. टवक्याचा कोपराही त्यातच गेला. इतके दिवस ज्याच्यासाठी रखडले ते माझा चहा संपायच्या आत! त्यांचं म्हणणं, मळ आणि चरे असले की रेघ भरकटते, म्हणून लोक जुनी काच घेत नाहीत, आणि मारलेल्या रेघेवरून कटर परत फिरवायचा नाही. माप खाचेपेक्षा दोन्हीकडून मिलिमीटरभर कमी द्या, पावसात सागवान फुगतं.

महत्त्वाचं राहिलंच, केस हवाबंद करू नका! कचकडं म्हणजे सेल्युलॉइड, त्यात नायट्रोसेल्युलोज आणि कापूर असतो. जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ निघते, ती आत कोंडली की बाहुली अजून लवकर पिवळी पडते, तडकते, जवळचं पितळ-तांबं हिरवं होतं. म्हणून मी मागच्या फळीला वर आणि खाली भोकं पाडून आतून सुती कापड लावलं, बाहुलीजवळ धातूचं काहीही ठेवलं नाही. पॉलिश केलेली केसही वास पूर्ण जाईपर्यंत उघडीच ठेवली होती. आत बल्ब नको, समोर ऊन नको, काचेतूनही ऊन लागतंच. आणि देवघराजवळ तर नकोच नको, सेल्युलॉइड भसकन पेटतं.

अंगावर चिकटपणा किंवा बारीक तडे दिसले तर ती बाहुली बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. डाग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका, त्यातल्या ॲसिटोनने कचकडं विरघळतं. मऊ ओलसर फडकं हलक्या हाताने फिरवायचं आणि लगेच कोरडं करायचं, बस.