झिंक फेराइट चुंबकाला का चिकटतो?

एमएस्सीचा प्रोजेक्ट करणारी मुलं हमखास विचारतात: 'झिंक फेराइट (जस्त, लोह आणि ऑक्सिजनचं संयुग) खोलीच्या तापमानाला चुंबकाकडे ओढला जात नाही असं पुस्तकात आहे. आम्ही केलेली भुकटी मात्र बाटलीला बाहेरून चुंबक लावला की लगेच त्या बाजूला सरकते. आमचं कुठं चुकलं?'

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुष्कळदा चुकलेलं काहीच नसतं. कधी कधी मात्र खरंच चुकलेलं असतं, आणि बाटलीजवळ चुंबक धरून या दोन्हींतला फरक कळत नाही.

झिंक फेराइटच्या स्फटिकाची रचना 'स्पिनेल' प्रकारची असते. तिच्या जाळीत धातूच्या आयनांना दोन प्रकारच्या जागा असतात: चार ऑक्सिजनांनी वेढलेली 'ए' आणि सहा ऑक्सिजनांनी वेढलेली 'बी'. भरपूर तापवून सावकाश थंड केलेल्या झिंक फेराइटमध्ये जवळजवळ सगळं जस्त 'ए'वर आणि लोह 'बी'वर असतं. जस्ताचा आयन चुंबकीय नाही. मग उरतो तो 'बी'वरच्या लोहांचा आपसातला दुबळा संबंध, आणि तो 10 केल्विनच्या (उणे 263 अंश सेल्सियसच्या) आसपास पोचल्यावरच लोहाच्या आयनांना उलटसुलट रांगेत लावतो. पण थोडं लोह 'ए'वर जाऊन बसलं आणि तितकंच जस्त 'बी'वर आलं, की ऑक्सिजनमार्फत 'ए'-'बी' संबंध सुरू होतो. तो कितीतरी जोरकस असतो. तुमचा चुंबक ओढतो ते या जागा बदललेल्या लोहाच्या जोरावर.

ही अदलाबदल होते घाईमुळे. सोल-जेल ऑटो-कंबशनमध्ये, म्हणजे धातूंच्या नायट्रेटांचं आणि इंधनाचं जेल करून ते पेटवण्याच्या पद्धतीत, जेल पेटलं की काही सेकंदांत राख होते, आपापली जागा गाठायला आयनांना सवडच मिळत नाही. को-प्रेसिपिटेशनमध्ये, म्हणजे द्रावणात अल्कली घालून दोन्ही धातूंचा एकत्र साका पाडण्याच्या पद्धतीत, 80 अंशांना स्फटिक तयार होतो, तिथं आयनांना हलण्याइतकी उष्णताच नसते.

आता खऱ्या चुका. 0.02 मोल फेराइटसाठी, म्हणजे साधारण 4.8 ग्रॅमसाठी, झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट 5.95 ग्रॅम आणि फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट 16.16 ग्रॅम लागतं. फेरिक नायट्रेट ओल धरतं. बाटलीत गठ्ठे झाले असतील तर वजनात पाणीच मोजलं जातं, लोह कमी पडतं आणि शेवटी झिंक ऑक्साइड शिल्लक राहतं. जेलमध्ये इंधनाचं काम करणारं सायट्रिक ॲसिड बहुतेक जण सवयीनं धातूंच्या एकूण मोलइतकं, म्हणजे मोनोहायड्रेट 12.6 ग्रॅम घेतात. इंधन आणि नायट्रेट यांचा हिशेब जुळवला तर 9.3 ग्रॅमच पुरतं. जास्तीच्या इंधनानं ज्वाळेत ऑक्सिजन कमी पडतो, थोडं लोह क्षपण होऊन मॅग्नेटाइटसारखं काहीतरी बनू शकतं, आणि ते झिंक फेराइटपेक्षा कितीतरी जोरात ओढलं जातं.

को-प्रेसिपिटेशनमधली चूक अधिक छुपी. साका पाडायला अमोनिया जास्त घातला की जस्त विद्राव्य संयुग करून पाण्यात उतरतं आणि धुताना निघून जातं. खाली उरतो तो लोह जास्त असलेला साका. जेलच्या पद्धतीत काहीच धुऊन टाकत नाही, म्हणून तिथं अमोनिया चालतो, इथं नाही. इथं सोडियम हायड्रॉक्साइड वापरा आणि पीएच 10 ते 11 वर थांबा, कारण तेही फार झालं तर जस्त झिंकेट होऊन पुन्हा विरघळतं. संशय असेल तर गाळून निघालेलं स्वच्छ पाणी थोडं परीक्षानळीत घ्या, ते अल्कलीच आहे ना एवढं लिटमसनं बघा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणाचे चार थेंब टाका. पांढरा गढूळपणा आला, तर तुमचं जस्त त्या पाण्यात आहे.

एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची तपासणी) इथं लवकर मदतीला येत नाही. झिंक फेराइटची 311 नावाची मुख्य रेषा कॉपरच्या क्ष-किरणांनी 35.2 अंशांच्या कोनावर येते, मॅगहेमाइट या चुंबकीय लोह-ऑक्साइडची 35.6 वर. स्फटिक 10 नॅनोमीटरचा असेल तर रेषाच 0.8 अंश रुंद होते आणि दोन्ही एका फुगवट्यात मिसळतात. 'सिंगल फेज मिळाली', म्हणजे नमुन्यात दुसरं काही नाही, हे वाक्य एवढ्यावर लिहू नये.

त्यापेक्षा नमुन्यातला अर्धा भाग मुशीत घालून उघड्या हवेत 800 अंशांना चार तास ठेवा. अदलाबदल असो की जास्तीचं लोह, चुंबकाची ओढ दोन्ही बाबतींत कमी होते, त्यामुळे तिच्यावर जाऊ नका. एक्सआरडी पुन्हा काढा. 33.2 अंशांवर हेमॅटाइट या लोह-ऑक्साइडची रेषा उगवली, तर लोह जास्त होतं आणि सुरुवातीच्या ओढीत बहुधा त्याचाही हात होता. नुसत्या स्पिनेलच्याच रेषा टोकदार झाल्या, तर ओढ अदलाबदलीची असण्याची शक्यता मोठी. शंभरात दोन-तीन भागांइतकी भेसळ मात्र रेषेत दिसेलच असं नाही, म्हणून आयसीपीवर (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) जस्त आणि लोहाचं प्रमाण 1:2 आहे ना, हेही तपासून घ्यावं.

तापवल्यावर भट्टी बंद करून नमुना आतच निवू द्या. लाल मूस चिमट्यानं बाहेर काढून झटकन थंड केली, तर उष्णतेनं हललेले आयन आहेत तिथंच अडकतात आणि मोठ्या कणांच्या झिंक फेराइटमध्येसुद्धा अदलाबदल शिल्लक राहते.