तुम्ही विचारलंत म्हणून: गोंगाट कसा आवरता?

मी लहान मुलांचा ताल-वाद्यांचा वर्ग घेते. तो सुटताना दाराशी कोणीतरी विचारतंच, "एवढ्याशा पोरांच्या हातात डफल्या देता, डोकं उठत नाही तुमचं?"

उठायचं. सुरुवातीला रोज. तेव्हा मी आधी वाद्यं वाटायचे आणि मग खेळ समजावून सांगायचे. डफली हातात आलेल्या तीन वर्षांच्या मुलाला त्यानंतर काहीही ऐकू येत नाही, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

आता वाद्यं सगळ्यात शेवटी निघतात. आधी टाळ्या, मांडीवर थापा, पाय आपटणं. चुटकी बहुतेकांना जमत नाही, तिथे बोटं नुसती घासली तरी चालतं. मग एकेकाचं नाव वाजवायचं: मी-रा दोन थापा, अ-नि-केत तीन. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फच्या, मुलांना संगीत शिकवण्याच्या पद्धतीतही बोलणं आणि अंगावरचा ताल आधी, वाद्य मागून.

पण खरं उत्तर खंजिरीत आहे. गोल करून बसायचं आणि खंजिरी हातोहात फिरवायची, आवाज न करता. झांजा एवढ्या हलक्या की श्वास लागला तरी वाजतील असं वाटतं. एक मुलगी दोन्ही तळवे खाली धरून, जीभ दातांत पकडून ती पुढे सरकवते. अख्खा गोल तिच्या बोटांकडे बघत असतो. वाजलीच तर सगळे खिदळतात आणि खंजिरी पुन्हा पहिल्यापाशी. शांत बसा म्हणून ओरडून एवढी शांतता मला कधीच मिळाली नव्हती. थांबायलाही ओरडत नाही. मी हात डोक्यावर ठेवले की वाद्य मांडीवर 'झोपतं'.

लय मात्र मी लादत नाही. लहान मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलद असते. म्हणून आधी मूल वाजवतं, मी त्याला जाऊन मिळते, मग हळूहळू दोघं संथ होतो. ध्वनिमुद्रित ठेक्यावर हे होत नाही, तो कोणासाठी थांबत नाही. 2009 मधल्या एका अभ्यासातही लहान मुलांनी यंत्रापेक्षा समोर बसलेल्या माणसाबरोबर ताल जास्त चांगला जुळवला होता.

घरी खुळखुळा करणार असाल तर झाकण चिकटवूनच टाका, दाणे नाकात जातात. ताल धरायच्या काठ्या घेऊन फिरायचं नाही, बसूनच वाजवायच्या.

आणि हो, गोंगाटही होतो. शेवटी, ठरवून. 'वादळ' खेळतो: तळवे चोळणं म्हणजे वारा, बोटांनी टपटप, मग मांड्या, पाय, डफल्या, सगळं एकदम. त्यानंतर त्याच वाटेनं उलटं, पार शेवटच्या थेंबापर्यंत. तो थेंब कोणाचा, यावर भांडणं होतात. सध्या पाळी लावली आहे.